धक्क्याखालचं गाव आणि बुडवायचं जहाज

हिंदीत बिबट्याला गुलदार म्हणतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यात बिबट्याची बातमी काही नवीन नाही, पण सध्या ज्या गुलदारबद्दल बोलायचंय तो नागझिऱ्यातला नाही. तो आहे नौदलाचा, लोखंडी, ८० मीटरहून लांब. आयएनएस गुलदार हे रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज पोलंडमध्ये बांधलं गेलं, १९८५ च्या डिसेंबरात नौदलात आलं आणि १२ जानेवारी २०२४ ला निवृत्त झालं. एरवी अशी जहाजं भंगारात जातात. गुलदारचं तसं झालं नाही. २०२५ च्या सुरुवातीला नौदलाने ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे, म्हणजे एमटीडीसीकडे सोपवलं. कशासाठी? तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवती रॉकजवळ मुद्दाम समुद्रात बुडवण्यासाठी! पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ अशी ही योजना आहे. स्कुबा करणारे पर्यटक खाली जाऊन जहाज बघतील आणि जहाजावर हळूहळू प्रवाळ, मासे वस्तीला येतील. केंद्राने यासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केलेत.

आता तुम्ही म्हणाल, आपण कुठं, निवती कुठं. खरंय. गोंदियाहून मुंबईच रेल्वेने हजारेक किलोमीटर, कोकण त्याच्याही पुढं. पण दिवाळीनंतर कॉलेजचे ग्रुप उघडून बघा. मालवण-तारकर्लीची ट्रिप आणि ‘स्कुबा केला’ असं लिहिलेली पंधरा सेकंदांची रील प्रत्येक वर्गात दोन-चार जणांकडं तरी असतेच. मी अशा बऱ्याच रील बघितल्या. सगळ्या सारख्याच. हिरवट पाणी, तोंडात नळी, समोर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे, आणि अंगठा वर. (डायव्हिंगच्या खुणांच्या भाषेत अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नाही बरं, ‘मला वर न्या’. ‘सगळं ठीक’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात.) एका रीलमध्ये मागच्या बाजूला आणखी एक जण दिसतो. तो तरंगत नाहीये, उभा आहे. कशावर, ते नीट बघितलं की कळतं. खडकासारखा दिसणारा तो गोल, खडबडीत उंचवटा म्हणजे प्रवाळ आहे. जिवंत.

गुलदारची सगळी गोष्ट त्या उभ्या असलेल्या माणसाशी जोडलेली आहे. पण आधी हे समजून घेऊ, की लोखंडाच्या जहाजावर जीव वस्तीला येतातच कसे.

त्यासाठी समुद्रातला जुना धक्का डोळ्यांसमोर आणा. धक्का म्हणजे जेटी, बोटी लागतात ती जागा. समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी वाळूचा नाहीतर चिखलाचा असतो. वाळू सारखी हलते, त्यामुळे तिथं चिकटून राहणाऱ्या जिवांना घर करता येत नाही. अशा ठिकाणी माणसाने लाकडाचा, दगडाचा किंवा काँक्रीटचा खांब रोवला, की समुद्राच्या हिशेबाने तो रिकामा प्लॉट होतो. काही दिवसांतच त्याच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. मग शेवाळ. मग बार्नेकल आणि कालवं. यांची पिल्लं आधी पाण्यात तरंगत असतात, टणक जागा मिळाली की चिकटतात ती कायमची. कालवांच्या खाचांमध्ये खेकडे, किडे, बारके मासे लपतात. स्पंज वाढतात, समुद्रफुलं उमलतात. बारक्यांच्या मागे मोठे येतात, तांबोशीसारखे. वरच्या फळ्यांची सावली असते, त्या सावलीत माशांचे थवे थांबून राहतात. काही वर्षांनी मूळ खांब दिसतसुद्धा नाही, दिसतो तो जिवंत खांब.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर तलावात बुडालेल्या झाडाच्या खोडाचं. गळ टाकणाऱ्या कुणालाही विचारा, मोकळ्या पाण्यापेक्षा त्या खोडापाशी मासा जास्त लागतो. तत्त्व तेच. समुद्रात फक्त त्याचा पसारा मोठा.

जगात कितीतरी ठिकाणी लोक असे जुने धक्के बघायलाच पाण्यात उतरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं बसेल्टन हे त्यातलं नाव घ्यावं असं. तिथला लाकडी धक्का १८६५ पासूनचा. पुढे तो वाढत वाढत १,८४१ मीटर झाला, जवळपास दोन किलोमीटर! लाकूड वाहून नेणारी जहाजं तिथं लागायची. १९७० च्या दशकात बंदर बंद पडलं, १९७८ च्या चक्रीवादळाने धक्क्याचा काही भाग तोडून नेला. पाडून टाका म्हणणारे होतेच. गावातल्या लोकांनी पैसे जमवले आणि तो वाचवला. आज त्याच्या टोकाला पाण्याखाली आठ मीटरपर्यंत उतरणारी वेधशाळा आहे. जिना उतरून काचेतून खांबांवरचे प्रवाळ बघता येतात, कपडे ओले न करता. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी ते खांब रोवले, त्यांना यातलं काहीच नको होतं. त्यांना जहाजात लाकूड भरायचं होतं. समुद्राने उरलेलं काम आपलं आपण केलं.

धक्क्याचा आणखी एक उपयोग डायव्हिंग शिकवणारे सांगतात. नवशिक्याला पाण्यात तोल सांभाळता येत नाही. हात-पाय कुठंही लागतात. त्याला नाजूक रीफवर नेण्याआधी खांबांपाशी शिकवलं, तर नुकसान कमी होतं. कालवं चेपली तर ती पुन्हा येतात. प्रवाळाचं तसं नाही. गोल घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे आपल्या हाताच्या वितीएवढा तुकडा तुटला, तर तो तुमच्या-माझ्या वयाचा असू शकतो.

आता मालवण. मालवणच्या धक्क्यावरून समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं, हे आपण चौथीच्या इतिहासापासून ऐकत आलोय. पण त्या किल्ल्याच्या तटाबाहेर पाण्यात काय आहे, हे पुस्तकात नव्हतं. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ असलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. लक्षद्वीप-अंदमानसारखं निळंशार पाणी इथं नाही. नद्या-खाड्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ होतं, पावसाळ्यात तर काहीच दिसत नाही. तरीही हे प्रवाळ टिकून राहिलेत, म्हणून शास्त्रज्ञांना त्यांचं अप्रूप. १९८७ मध्ये या भागातलं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं.

कागदावर जाहीर झालं, असं म्हणायला हवं. मच्छीमारांचा पहिल्यापासून विरोध होता, आणि तो काही उगाच नव्हता. ज्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या पोट भरलं, ते एका अधिसूचनेने ‘अभयारण्य’ होतं आणि आपण तिथले उपरे ठरतो, ही भीती नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांना समजावून सांगावी लागणार नाही. पुढे मोठ्या पर्ससीन जाळ्यांच्या ट्रॉलरनी किनाऱ्याजवळचा मासा उचलायला सुरुवात केली, तेव्हा रापणीवाले आणि छोटे होडीवाले आंदोलनात उतरले. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. या सगळ्या काळात मासा कमी होत होता आणि पर्यटक वाढत होते. साहजिकच गावातली पोरं पर्यटनाकडं वळली. एमटीडीसीने तारकर्लीला स्कुबा प्रशिक्षणाचं केंद्र उभं केलं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या एका प्रकल्पातून स्थानिक मुलांना डायव्हिंग गाइड म्हणून तयार केलं गेलं. ज्याच्या बापाने होडी हाकली, तो पोरगा टँक पाठीला लावून पुण्या-कोल्हापूरच्या माणसाला हात धरून खाली नेऊ लागला. ही चांगलीच गोष्ट आहे. रोजगार गावात राहिला.

मग बिघडलं कुठं?

२०२० मध्ये ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा मालवणबद्दलचा लेख छापून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हौशी डायव्हिंगमुळे अभयारण्यातल्या प्रवाळांची मोडतोड होतेय आणि त्याला जबाबदार कोण, हे ठरवणारी व्यवस्थाच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांचं आहे म्हणून कुणाचंच नाही. रीलमधला तो उभा माणूस एकटा नाहीये, रोज तसे कितीतरी उतरतात. हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही दिवाळी, नाताळ, मे महिना असे दिवस, की जेव्हा एकामागून एक होड्या त्याच त्या खडकांपाशी लागतात. नांगर पडतो, फिनचे फटके बसतात, मासे जमावेत म्हणून पाव टाकला जातो. त्यात समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात, ब्लीचिंग म्हणतात त्याला. तेही मालवणला झालेलं आहे. आधीच आजारी माणसाच्या छातीवर उभं राहण्यासारखं आहे हे.

गुलदारची योजना या गर्दीवर उतारा म्हणून मांडली जाते. तर्क सोपा आहे. लोकांना खाली जाऊन काहीतरी भारी बघायचंय ना? मग त्यांना जहाज दाखवू. जहाजावर फिन लागला तर लोखंडाचं काय बिघडतं? खऱ्या प्रवाळावरचा भार कमी होईल, वर नवं रीफ तयार होईल. बुडालेली जहाजं बघायला जगभर लोक पैसे मोजतात, शेजारी गोव्यात ग्रँड आयलंडपाशीही जातात.

मला यातला पहिला अर्धा भाग पटतो, दुसरा नाही.

जहाज जिवंत होईल, यात शंका घेण्यासारखं फार नाही. धक्क्याच्या खांबांवर जे होतं तेच होणार, फक्त आडवं. प्रश्न गर्दीचा आहे. मालवणला जे ‘स्कुबा’ करतात त्यातले बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच उतरलेले असतात. त्यांच्यासाठी जगभर मानली जाणारी खोलीची मर्यादा १२ मीटर आहे, आणि मालवणला तर त्याहून बरंच उथळ नेतात. पुढचा ओपन वॉटर कोर्स केला तर १८ मीटर. आता विचार करा, एवढं मोठं जहाज बुडवायचं आणि त्याच्या वरून होड्या निर्धोक जायला हव्यात, तर ते खोल पाण्यातच बसवावं लागणार. शिवाय निवती रॉक किल्ल्यासारखा धक्क्यासमोर नाही, किनाऱ्यापासून बराच आत, खुल्या समुद्रात आहे. म्हणजे तिथं नीट जाऊ शकेल तो प्रशिक्षित, सर्टिफिकेटवाला डायव्हर. तो मालवणच्या गर्दीतला नव्हेच. गर्दीतला माणूस कमी वेळात, कमी पैशात, पोहता येत नसतानाही उतरणारा. आपल्यासारखा, कॉलेजच्या ट्रिपमधला. तो गुलदारचं पोस्टर बघून येईल आणि उतरेल मात्र किल्ल्यापाशीच. जाहिरातीमुळे आणखी जास्त लोक येतील ते वेगळंच.

म्हणजे जहाज बुडवू नये असं नाही. पण भार कमी करायचा असेल तर किल्ल्याभोवती दिवसाला किती जण उतरणार, याचा आकडा ठरवावा लागेल आणि पाळावा लागेल. नांगर टाकण्याऐवजी होडी बांधायला कायमचे तरंगते बोये लावावे लागतील. नवख्यांसाठी प्रवाळ नसलेली, उथळ, वाळूची जागा राखावी लागेल. तिथं काँक्रीटचे खांब किंवा ठोकळे टाकले तर काही वर्षांत धक्क्यासारखी वस्ती तिथंच तयार होईल, आणि पहिल्यांदा उतरणाऱ्यालाही मासे दिसतील. या कामांना ४७ कोटी लागत नाहीत. पण त्यांचं उद्घाटन करता येत नाही, हीच त्यांची अडचण असावी.

कृत्रिम रीफ म्हटलं की चांगलंच होतं, असंही नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९७० च्या दशकात जुने टायर बांधून समुद्रात टाकले होते. थोडेथोडके नाहीत, वीसेक लाख. मासे येतील आणि कचराही मार्गी लागेल, असा दुहेरी बेत. बांधलेले पट्टे तुटले, टायर लाटांबरोबर घरंगळत जाऊन शेजारच्या खऱ्या रीफवर आपटत राहिले. नंतर लष्कराचे डायव्हर बोलावून ते काढायची वेळ आली. त्याच फ्लोरिडात २००६ मध्ये ओरिस्कनी ही जुनी विमानवाहू नौका बुडवली, ती मात्र आधी आतला विषारी माल तपासून, काढून. फरक तयारीचा आहे. जहाजात तेल असतं, वायरींवर रसायनं असतात, जुना रंग असतो. गुलदारमधलं काय काय काढलं आणि ते कुणी तपासलं, हा अहवाल मराठीत लोकांसमोर ठेवायला काय हरकत आहे? तो वाचायचा पहिला हक्क निवतीच्या मच्छीमारांचा.

मच्छीमारांचा आणखी एक मुद्दा आहे. जहाजापाशी मासे जमतात ते नवे जन्मतात, की आजूबाजूचे तिथं गोळा होतात? शास्त्रज्ञांमध्ये यावर जुना वाद आहे. नुसते गोळाच होत असतील, तर इतर ठिकाणच्या जाळ्यात कमी लागतील, आणि जहाजाभोवती मासेमारीला बंदी असेल तर छोट्या होडीवाल्याचं दोन्हीकडून नुकसान. तिथं पकडायला मोकळीक दिली, तर एकाच जागी सगळा मासा उचलला जाईल. याचं उत्तर कार्यालयात बसून मिळणार नाही, वर्षानुवर्षं मोजावं लागेल. आणि मोजायला त्याच गावातली, आता डायव्हर झालेली पोरं आहेतच की. त्यांना फक्त पर्यटकाचा हात धरायला ठेवायचं, की पाटी-पेन्सिल देऊन प्रवाळ मोजायलाही लावायचं? (पाण्याखाली खरंच प्लास्टिकची पाटी आणि पेन्सिल वापरतात.)

हे आपल्या भागात घडताना दिसतंय. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांमध्ये बेशरम माजली, बाहेरचे मासे सोडले गेले, तेव्हा ढिवर समाजातल्या लोकांनी, त्यातही बायांनी, तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी माशांच्या जाती परत आणायचं काम हाती घेतलं. पाण्यात काय होतं आणि काय राहिलं नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मालवणच्या गाबित मच्छीमारांचंही तसंच आहे. फरक एवढाच, की त्यांच्या पाण्यावर आता पर्यटनाचा पैसा आलाय, त्यामुळे ऐकून घ्यायला कुणाला सवड नाही.

सुरक्षेचं बोललंच पाहिजे, कारण जाणारे आपणच आहोत. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली, त्यात दोन जणांचा जीव गेला. लोक पाण्याखालच्या धोक्याला घाबरतात आणि पाण्यावरच्या होडीत बिनधास्त बसतात. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी हलू देऊ नका, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली तर उतरा. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणून कान दुखायला लागतात. नाक दाबून हळूच हवा कानाकडं ढकलायची असते, आणि सर्दी असेल तर ते जमत नाही, त्या दिवशी उतरूच नका. श्वास रोखून वर यायचं नाही, कधीच नाही, कारण दाब कमी झाला की फुप्फुसातली हवा फुगते. दमा, हृदयाचा त्रास, फिट येत असेल तर फॉर्मवर लपवू नका. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. डाइव्हनंतर विमानाने निघायचं असेल तर किमान १२ तास थांबायला सांगतात. आपण विमानाने जात नाही म्हणून सुटलो असं वाटतं, पण कोकणातून परतताना घाट चढावा लागतो आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. उथळ, एकाच डाइव्हला धोका कमी असतो, तरी डायव्हिंग सकाळी आणि प्रवास दुसऱ्या दिवशी असा बेत केलेला बरा. आपल्या प्रशिक्षकाला विचारा. त्याला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, तर दुसरा प्रशिक्षक शोधा.

पैसे देण्याआधी एवढं तरी विचारता येतं. प्रशिक्षकाकडं कुठलं सर्टिफिकेट आहे, एका वेळी एकट्याने किती जणांना नेणार, होडी नांगर टाकते की बोयाला बांधते, खाली गेल्यावर पाव टाकणार का. ‘व्हिडिओ फ्री’ आहे का, हे आपण सगळ्यात आधी विचारतो, ते शेवटी विचारलं तरी चालेल.

जायचं ठरलंच तर गोंदियाहून कोल्हापूरपर्यंत महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, एक दिवसापेक्षा जास्त लागतो. पुढे मालवणसाठी एसटी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, पावसाळ्यात सगळं बंद. होडी सुटायला वेळ असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीला धक्क्याच्या कडेला थांबा आणि खालच्या दगडांकडे बघा. टँक लागत नाही, पैसे लागत नाहीत. कालवं, बार्नेकल, खेकडे तिथंच दिसतात.